रोग बोर्डात होता आणि घासले गेले फ्रेट: माझ्या गिटारच्या रिफ्रेटची पूर्ण केस

मागच्या आषाढात माझ्या इलेक्ट्रिक गिटारचे बावीसच्या बावीस फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून नवीन बसवून घेतले, आणि तेही नाशिकमध्येच. काय झालं होतं, काय ठरवलं, काय केलं आणि नंतर काय निघालं हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण हे काम करायच्या आधी मी दोन वर्षं चुकीच्या गोष्टीवर पैसे घालवले, आणि तसंच आणखी कुणाचं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

गिटार स्ट्रॅट टाईपची, २००९ ला घेतलेली. नेक म्हणजे दांडी मेपलची, बोल्टने बसवलेली, त्यावर शिसवी फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट ज्यात बसतात ती फळी, स्केल ६४८ मिमी म्हणजे साडेपंचवीस इंच, बोर्डची गोलाई साडेनऊ इंच रेडियसची. गंगापूर रोडला माझा क्लास आहे, तिथे रोज चार-पाच तास हीच गिटार हातात असते, शिवाय गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम, लग्नसराईत रिसेप्शन. मी बेंड, म्हणजे तार आडवी ओढून सूर चढवणं, भरपूर घेतो. म्हणजे फ्रेट झिजणार होतेच, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळीच होती. दहाव्या ते तेराव्या फ्रेटवर जाड तारा वाजवल्या की खरखर यायची. पहिल्यांदा एका दुकानात दाखवली, त्यांनी ब्रिजवरून म्हणजे घोडीवरून तारा वर उचलून दिल्या, ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची वाढली, खरखर गेली, पण बोटं दुखायला लागली आणि जास्त दाबून वाजवल्यामुळे पहिल्या तीन फ्रेटवर खड्डे अजून भराभर पडले. मग त्याच दुकानात लेव्हलिंग केलं, म्हणजे लांब सरळ पट्टीला पॉलिश पेपर लावून सगळ्या फ्रेटची डोकी एका पातळीत घासली. सात-आठ महिने मस्त. मग पुन्हा खरखर. पुन्हा लेव्हलिंग. दुसऱ्यांदा घासून आणल्यावर खरखर तर चार महिन्यांत परत आलीच, वर एक नवीन दुखणं सुरू झालं, बी तारेचा (बारीककडून दुसरी) आवाज सतारीसारखा झिणझिणायला लागला.

हे सतारीसारखं म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे ही गोष्ट समजायला सोपी आहे. सतार-तानपुऱ्याची जवारी लावतात ना, तिथे घोडीचा माथा मुद्दाम जवळजवळ सपाट ठेवतात, तार त्या सपाटीला हलकेच घासत राहते आणि म्हणून तो गुंजणारा सूर निघतो. मिरजेचे कारागीर त्यासाठी तासन् तास बसतात. गिटारच्या फ्रेटला नेमकं उलटं हवं. त्याचा माथा गोल हवा आणि तार त्याच्या बरोबर मधल्या एका रेषेवर टेकायला हवी. माथा सपाट झाला की तार मध्यावर न टेकता ब्रिजकडच्या कडेवर टेकते, झिणझिण येते आणि सूरही चढतो. माझ्या स्केलवर बाराव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत ३२४ मिमी तार उरते, तिथे टेकायची जागा नुसती अर्धा मिमी पुढे सरकली तरी सूर अडीच-तीन सेंटनी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर जातो. एकट्या तारेवर कळत नाही, पण कॉर्डमध्ये दोन तारा एकमेकींशी भांडायला लागतात. मी ट्यूनर लावून लावून थकलो होतो, मुलांसमोर कॉर्ड वाजवताना मलाच खटकायचं.

त्याच सुमारास एका तबलजी मित्राने सातपूर कॉलनीतल्या एका काकांचं सांगितलं. वीसेक वर्षं सातपूर आणि अंबडच्या टूलरूममध्ये फिटर, नंतर नोकरी सोडून पूर्णवेळ गिटार-मँडोलिनची रिपेअरिंग. घराच्या मागच्या खोलीत वर्कशॉप. मी गेलो तेव्हा वाटलं होतं की बघतील, भाव सांगतील, ठेवून घेतील. पण त्यांनी पहिला एक तास एकही हत्यार चालवलं नाही, फक्त मापं घेतली. मला वाटतं माझ्या गिटारचं भलं त्या एका तासात झालं, बाकीचं काम त्यानंतरचं.

आधी तारा काढून ट्रसरॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, फिरवून नेक जमेल तेवढी सरळ केली. मग वही काढली, २२ रकाने पाडले आणि प्रत्येक फ्रेटची लाकडापासूनची उंची मोजून लिहीत गेले. कंपनीतून आली तेव्हा अशा फ्रेटची उंची साधारण १.२ मिमी असते. माझ्या पहिल्या तीन फ्रेटची ०.७५ निघाली, आणि बी तारेखालच्या खड्ड्यात तर ०.४५. इथपर्यंत मला अपेक्षित होतं. पण पाचव्या ते बाराव्यापर्यंत ०.८ च्या आसपास आणि पंधरावा, सोळावा, सतरावा एकदम ०.५. काकांनी पेन त्या तीन आकड्यांवर ठेवला आणि विचारलं, "सर, तुम्ही इथे एवढं वाजवता का?" मी म्हटलं नाही हो काका, तिथे सोलोत कधीतरी जातो. "मग इथला धातू गेला कुठे?"

त्यावर त्यांनी एक पट्टी काढली. स्टीलची, एका कडेला दात पाडलेले, असे की पट्टी बोर्डवर ठेवली की प्रत्येक फ्रेट दोन दातांच्या मधल्या खाचेत येतो आणि दात थेट लाकडाला टेकतात. अशा पट्ट्या विकत मिळतात, पण ही त्यांनी ओळखीच्या शॉपमध्ये वायरकट मशीनवर स्वतः काढून घेतलेली. पट्टी ठेवली, मागून टॉर्च मारला. पंधराव्या-सोळाव्यापाशी पट्टी लाकडाला चिकटलेली, आणि दोन्ही बाजूंना खालून उजेडाची बारीक रेघ. फिलर गेज सरकवून बघितलं तर लाकूडच तिथे ०.३ मिमी वर आलेलं. नेक बॉडीला बोल्टने जोडलेली असते तिथून पुढे तारांच्या ताणाने वर्षानुवर्षं असा उंचवटा येऊ शकतो, आणि ट्रसरॉडचा जोर तिथपर्यंत पोचत नाही म्हणून तो रॉड आवळून जात नाही.

म्हणजे दहाव्या फ्रेटवर दाबलेली तार पुढे पंधराव्या-सोळाव्याला लागत होती. आधीच्या दुकानात पट्टी फ्रेटच्या डोक्यावर ठेवून मोजलं, डोकी उंच दिसली, डोकी घासली. लाकूड बघितलंच नाही. लाकूड अजून वर येत राहिलं, पुन्हा डोकी घासली. असं करत त्या तीन फ्रेटमधला निम्म्याहून जास्त धातू लाकडाच्या चुकीपायी गेला, आणि सगळी पातळी त्यांच्याशी जुळवायची म्हणून बाकीच्या एकोणीस फ्रेटचाही गेला. वर माथे परत गोल केलेच नव्हते, नुसते घासून चकचकीत केलेले. पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या, चुंबकांवर स्टील वूलचे काळे केस चिकटलेले होते तेही काकांनी सेलोटेपने उचलून दाखवले. मला खरंच राग आला. पैशांचा नाही, पण दोन वर्षं मी त्या गिटारवर मुलांना सूर शिकवत होतो.

मी विचारलं, आता अजून एकदा नीट लेव्हलिंग करून भागेल का? ते म्हणाले, खड्डे जाईपर्यंत घासलं तर सगळे ०.४५ च्या खाली येतील, मग माथा गोल करायला धातूच उरत नाही आणि बेंड घेताना बोट लाकडावरच घासणार, तार पकडीत येणार नाही. फक्त पहिले तीन आणि मधले तीन बदलायचे हाही पर्याय असतो, पण नवे उंच आणि जुने बुटके, नव्यांना घासून जुन्यांएवढं करायचं म्हणजे पुन्हा तेच. म्हणजे सगळेच काढायचे, बोर्ड सरळ करायचा आणि मग नवीन बसवायचे.

माझा धाकटा भाऊ म्हणत होता सरळ नवीन नेक टाक, बोल्टची तर आहे. विचार केला मी त्यावर. पण ही नेक सोळा-सतरा वर्षं माझ्या तळहातात घासून घासून गुळगुळीत झालीये, मागचं फिनिश माझ्या अंगठ्याने गेलंय, आणि नवीन आणली तरी तिला सेटअप लागणारच होता. मुंबईला न्यायचं डोक्यात होतं, सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन देऊन यायची, पण मग आणायला परत जा, काही राहिलं तर पुन्हा जा. आणि त्या वहीतले आकडे बघितल्यावर मला दुसरीकडे जावंसंच वाटेना.

मग फ्रेटची तार कुठल्या धातूची. नेहमीचे फ्रेट निकेल सिल्व्हरचे असतात, नावात सिल्व्हर आहे पण चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त. भांडी बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणून जी पूजेची भांडी मिळतात ना, धातू त्याच जातीचा. गिटारच्या स्टीलच्या तारांपुढे हा मऊ पडतो म्हणून खड्डे पडतात. दुसरा पर्याय स्टेनलेस स्टील, कितीतरी कडक, बेंड घेताना काचेवरून सरकल्यासारखं, पण कापायला, वाकवायला, टोकं घासायला जीव काढतो, कानशी आणि पकडी लवकर जातात म्हणून मजुरी जास्त. काकांनी स्पष्ट सांगितलं की महिन्यातून दोनदा वाजवणारा माणूस असता तर मी स्टेनलेस लावू दिलं नसतं, तुम्ही रोज पाच तास वाजवता, तुम्हाला फायदा आहे. आवाज बदलतो का यावर लोक तासभर वाद घालतात. माझं मत, अँप न लावता घरात वाजवली तर किंचित जास्त चमक जाणवते, बँडमध्ये ड्रम-कीबोर्ड चालू असताना मला तरी फरक ऐकू आलेला नाही. साईझ घेतली २.३ मिमी रुंद आणि १.४ मिमी उंच, अरुंद पण उंच.

बोर्डची गोलाई साडेनऊवरून बारा इंच करता आली असती, सपाट बोर्डवर बेंड कमी अडकतात. मी नको म्हटलं. त्यासाठी मधलं लाकूड अजून काढावं लागतं, आणि शिसव परत लावता येत नाही.

आषाढ होता, लग्नं नाहीत, कार्यक्रम नाहीत, म्हणून वेळ होता. पण बाहेर पाऊस धो धो. काका म्हणाले लगेच हात लावणार नाही. नेक बॉडीपासून सोडवून चार दिवस त्यांच्या बंद खोलीत ठेवली, भिंतीवर दमट हवेचा काटा, तो पन्नास ते पंचावन्न टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघून. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. भिजक्या हवेत फुगलेला बोर्ड घासून सरळ केला तर कोरड्या हवेत तो वेगळाच बसणार.

फ्रेट काढायच्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसलो. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला त्यांनी खाच पाडलेली, ती फ्रेटवर बसते. फ्रेटवर बोटाने पाण्याचा एक थेंब फिरवला, आयर्न टेकवला, चर्र झालं आणि शिसवीचा गोडसर वास आला, सुताराच्या दुकानात येतो तसा. आत जुना ग्लू असतो तो मऊ होतो, लाकूडही जरा नरम पडतं. मग सपाट तोंडाची पकड फ्रेटच्या एका टोकाखाली घालायची आणि ओढायचं नाही, नुसतं दाबत दाबत दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं, पकडीच्या जबड्याच्या उतारानेच फ्रेट वर येतो. एका फ्रेटला जेमतेम एक मिनिट. ओढलं तर फ्रेटच्या खाचेत बसलेल्या पायाला असलेले काटे लाकडाचे टवके घेऊन वर येतात. एवढं जपूनही नवव्याला एक टवका उठलाच, नखाच्या टोकाएवढा. काका थांबले, तो पडू न देता चिमट्याने धरला, खाली पातळ ग्लूचा थेंब सोडला, वरून सेलोटेप आणि लाकडाचा तुकडा ठेवून दाबला, आणि चहा मागवला. आज मला ती जागा शोधूनही सापडत नाही. काढलेला प्रत्येक फ्रेट नंबर लिहून टेपवर चिकटवत होते. दुसरा फ्रेट मी अंगठ्याखाली फिरवून बघितला, बी तारेच्या जागी खड्डा इतका स्पष्ट की डोळे मिटून बोट अडकावं.

मग बोर्ड. साडेनऊ इंच गोलाईचा लाकडी ब्लॉक, त्याला १२० चा पेपर, बोर्डवर पेन्सिलीने आडव्या रेघा. पहिल्या काही फेऱ्यांत फक्त पंधरा ते सतराच्या मधल्या रेघा पुसल्या गेल्या, बाकी तशाच. तेच बघायचं होतं. उंचवट्याचं ०.३ गेलं आणि सगळ्या रेघा सारख्या पुसायला लागल्या तिथे थांबले, मग बारीक पेपरने चढत चढत ६०० पर्यंत. पण वरून लाकूड गेलं म्हणजे तिथल्या खाचांची खोलीही तेवढीच कमी झाली, मग बारीक करवतीने त्या परत खोल केल्या, नाहीतर फ्रेटचा पाय तळाला टेकतो आणि फ्रेट वर राहतो. सगळ्या खाचांमधला जुना ग्लू खरवडला आणि प्रत्येक खाचेच्या कडेवरून तिकोनी कानस एकदाच हलकी फिरवली, फ्रेट नीट बसावा आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर टवके उडू नयेत म्हणून.

खाचेची रुंदी आणि फ्रेटच्या पायाची जाडी जुळवणं हा सगळ्यात नाजूक भाग. पाय जाड पडला तर तो पाचरीसारखं काम करतो, आणि बावीस ठिकाणी बावीस पाचरी मारल्या की नेक मागच्या बाजूला वाकते, मग ट्रसरॉड पूर्ण सोडला तरी सरळ होत नाही. पातळ पडला तर फ्रेट सैल. काकांनी तीन ठिकाणी तुकडे बसवून, काढून, मोजून मगच पुढचं काम सुरू केलं. फ्रेटची तार बोर्डच्या गोलाईपेक्षा जरा जास्त वाकवून घेतली, आधी दोन्ही टोकं ठोकली, मग मध्य, म्हणजे मध्य खाली जाताना टोकं बाहेर पसरून घट्ट धरतात. टोकांकडचा पाय आधीच कापून टाकला होता आणि खाचेची तोंडं शिसवीच्याच भुशाने आणि ग्लूने बुजवली. कारण सांगितलं ते ऐकून मी त्यांना मनात हात जोडले: नाशिकचा उन्हाळा कोरडा, एप्रिलमध्ये लाकूड रुंदीला आक्रसतं, फ्रेट मात्र तेवढाच राहतो, टोकं कडेबाहेर डोकावतात आणि हात वरखाली सरकवताना कापतात.

नंतर दोन दिवस काहीच नाही, नुसतं ठेवून दिलं. चौदाव्याचं एक टोक किंचित वर आलं तिसऱ्या दिवशी. लगेच लेव्हल केलं असतं तर ते टोक घासलं गेलं असतं. ते परत ग्लू लावून क्लँपमध्ये दाबलं. मग सगळ्या माथ्यांना काळा मार्कर, लांब पट्टीने दोन-चार फेऱ्या, जिथे काळं पुसलं गेलं तिथे चमक. बोर्ड आधीच सरळ असल्यामुळे घासायला जवळजवळ काही नव्हतंच. मग एकेक फ्रेट गोल कानशीने, मधे केसाएवढी काळी रेघ शिल्लक ठेवून. स्टेनलेसवर हे किती वेळ चालतं ते मी बघितलंय, बावीस फ्रेटला पूर्ण दिवस गेला, आणि कानशीचा आवाज तर दातात शिरणारा.

एक खर्च मी धरला नव्हता. फ्रेट जुन्यापेक्षा उंच झाले म्हणजे जुन्या नटच्या, दांडीच्या टोकाला तारा ज्यातून जातात त्या पट्टीच्या, खाचा आपोआप खोल पडल्या, मोकळ्या तारा पहिल्या फ्रेटला लागणार. हाडाचा नवीन नट करावा लागला. रिफ्रेटचा भाव विचारताना नट धरून विचारा, नाहीतर आयत्या वेळी वाढतं. माझे मजुरी, वायर, नट आणि सेटअप धरून साडेअकरा हजार झाले, आणि सोळा दिवस लागले.

घरी आणली तेव्हा १०-४६ जाडीच्या तारा, बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली १.८ मिमी, बारीक तारेखाली १.५, नेकला मधे ०.२ मिमीची कमान. एवढ्या खाली तारा आणि कुठेही खरखर नाही, मी तासभर नुसता दहाव्या ते तेराव्यावर वाजवत बसलो होतो. पण दोन गोष्टी निघाल्या. एक, आठवड्याभरात तिसऱ्या फ्रेटच्या आसपास बारीक खरखर आली. धस्स झालं, पण घेऊन गेलो तर नेक तारांच्या ताणाला सरावत होती, ट्रसरॉडचा पाव फेरा, झालं. दोन, कॉर्ड चढे वाजायला लागले, आणि ते गिटारचं नव्हतं, माझ्या हाताचं होतं. दोन वर्षं बुटक्या फ्रेटवर आणि उंच तारांवर दाबून दाबून वाजवायची सवय लागलेली, उंच फ्रेटवर तेवढंच दाबलं की तार फ्रेटच्या मागे खाली ताणली जाते आणि सूर वर जातो. ट्यूनर समोर ठेवून रोज सकाळी पंधरा मिनिटं हलक्या हाताने साधे कॉर्ड, असं तीन आठवडे केलं तेव्हा हात सुटला. मुलांनाही तेच शिकवतोय आता, तार फ्रेटला टेकेल एवढंच दाबायचं, लाकडापर्यंत न्यायचं नाही.

गणपतीचे दहा दिवस आणि नंतर नवरात्र, सगळे कार्यक्रम हिच्यावरच केले. पहिल्या तीन फ्रेटवर आज बघितलं तर बी तारेखाली नुसती चमक वेगळी दिसते, नखाला काही लागत नाही.

एप्रिलमध्ये ऊन चढल्यावर कडेवरून बोट फिरवलं तर एकोणिसावा आणि विसावा टोचला, अगदी थोडा. काकांकडे नेली. त्यांनी बोर्डला टेप लावून दोन्ही टोकं बारीक कानशीने दहा मिनिटांत बसवली, पैसे घेतले नाहीत, आणि माझं पान काढून त्या बावीस रकान्यांच्या खाली पेन्सिलीने लिहिलं: एप्रिल, कमान ०.२, पंधरा-सोळापाशी बोर्ड सरळ, टोकं १९ आणि २०.